रोजचं चूर्ण सोडायचंय? सोलापूरकरांसाठी सहा आठवड्यांची वाट

सकाळी शटर वर केलं की पहिला अर्धा तास पोटवाल्यांचा. अशोक चौकाच्या अलीकडे माझं छोटं मेडिकल आहे. यंत्रमागावरची रात्रपाळी उरकून आलेला कामगार असो, पेन्शनर काका असोत की कॉलेजची पोरगी, गाऱ्हाणं एकच: "पोट साफ होईना गेलंय, काहीतरी द्या." आणि मी देत आलो. चूर्णाची डबी, एरंडेलाची बाटली, कधी गोळ्यांची पट्टी. गेल्या काही वर्षांत त्यात 'डिटॉक्स'ची भर पडलीय. एकवीस दिवसांचं किट, हिरव्या पावडरी, रात्री तळपायाला चिकटवायच्या पट्ट्या. त्या पट्ट्या सकाळी काळपट होतात, कारण आतली पावडर घामाच्या ओलीनं रंग बदलते. पाण्याचे दोन थेंब टाकून बघा, पाय लावायचीही गरज नाही.

काउंटरवर पाच माणसं उभी असताना जे सांगता येत नाही ते इथं लिहितोय. रोज रेचक घेणाऱ्याला ते सोडता येतं. त्यासाठी लागणारं बहुतेक सगळं सोलापूरच्या भाजी मंडईत आणि किराणा दुकानात मिळतं. वेळ मात्र द्यावा लागतो. मी स्वतः तीन वर्षं रोज रात्री एक चमचा घेत होतो. डबी हाताशीच होती, बिलही करावं लागत नव्हतं.

आधी एवढं तपासा

पुढचं सगळं साध्या, जुन्या, कंटाळवाण्या बद्धकोष्ठासाठी आहे. शौचातून रक्त जातंय, शौच डांबरासारखी काळी होतेय, प्रयत्न न करता वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, पोटदुखीनं रात्री झोपेतून जाग येतेय, किंवा पंचेचाळिशीनंतर अचानक सवय बदललीय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. "मूळव्याध असेल" म्हणून अंगावर काढलेलं रक्त पुढं भलतंच निघाल्याची उदाहरणं प्रत्येक मेडिकलवाल्याकडं असतात. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वारासुद्धा सरत नाही, ही तर त्याच रात्री सिव्हिलला जायची गोष्ट. अशा वेळी जुलाबाचं औषध अजिबात द्यायचं नाही.

गरोदर बाया, किडनीचे आणि हृदयाचे रुग्ण यांनी पाणी, मीठ आणि रेचक यांबाबत आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

आत नेमकं काय साचतं?

"वर्षानुवर्षांची घाण आतड्याला चिकटून बसते" हे वाक्य प्रत्येक किटच्या डब्यावर या ना त्या रूपात असतं. कोलोनोस्कोपी करताना मोठ्या आतड्यात कॅमेरा घालतात. आदल्या दिवशीच्या औषधानं पोट रिकामं झालेलं असतं, आणि पडद्यावर दिसतं ते ओलसर, गुलाबी, चकचकीत अस्तर. जुने थर, काळी पुटं असलं काही तिथं नसतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी काही दिवसांतच झडून नव्या येतात, थर धरायचा कुणावर? मग किट घेतल्यावर जे दोरीसारखं, चिकट बाहेर पडतं ते काय? बहुतेक वेळा ते किटमधलंच इसबगोल आणि माती असते, पाणी पिऊन फुगलेली. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन 'पित्ताचे खडे' पाडायची टूम आहे ना, तिथंही तोच प्रकार. पडतात ते हिरवट मऊ गोळे म्हणजे पोटात तयार झालेला साबण. खरे खडे पित्ताशयात जिथल्या तिथं असतात.

ही भीती नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत मोठमोठे डॉक्टर मानत की मळातलं विष रक्तात उतरतं. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन तर त्यापायी रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढत. १९१९ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर अल्वारेझ यांनी साधी शंका काढली: शौचाला झाल्या झाल्या डोकं हलकं होतं. रक्तात विष भिनलेलं असतं तर ते इतक्या झटकन कसं उतरलं असतं? जडपणा होता तो भरलेल्या गुदाशयाच्या दाबाचा.

रक्त गाळायचं काम किडन्या करतात, दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळून त्यातलं दीड-दोन लिटर तेवढं लघवीवाटे सोडतात. औषधं, दारू, अमोनिया यांची विल्हेवाट यकृत लावतं. या दोघांना 'साफ' करणारं चूर्ण माझ्या दुकानात नाही, कुणाच्याच नाही.

चूर्णाचं चक्र

तुमच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा. सोनामुखी, सनाय, स्वर्णपत्री, मार्कंडिका ही सगळी एकाच झाडाची नावं. ही पानं आतड्याच्या स्नायूंना डिवचतात. रात्री घेतलं की सहा ते बारा तासांत काम होतं. कधीमधी घ्यायला औषध चांगलंच आहे, माझा राग त्याच्यावर नाही.

गंमत पुढं आहे. जोरदार जुलाब झाला की मोठ्या आतड्यातला दोन-तीन दिवसांचा माल एकदम निघून जातो. दुसऱ्या दिवशी बाहेर पडायला आत काही उरलेलंच नसतं. पण माणूस सकाळी बसतो, काही होत नाही, म्हणतो "बघा, परत बंद झालं," आणि रात्री पुन्हा चमचा. असं करत वर्षं जातात. चमच्याचे दोन होतात. कोलोनोस्कोपीत अशांचं अस्तर काळपट दिसतं. तो डाग घातक नसतो आणि औषध सुटल्यावर काही महिन्यांत बहुधा पुसला जातो. जास्त काळजी पोटॅशियमची: सततच्या पातळ जुलाबांनी ते घसरतं, पायात गोळे येतात, छातीत धडधडतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर दुप्पट जपा. शिवाय बऱ्याच चूर्णांत सैंधव किंवा पादेलोण असतं. बीपीवाला जेवणात मीठ कमी करतो आणि रात्री चूर्णातून घेतो.

पहिला आठवडा: फक्त वही

काहीही बदलू नका. चूर्ण चालू असेल तर चालूच राहू द्या. शंभर पानी वही घ्या आणि रोज चार गोष्टी लिहा: काय खाल्लं, पाणी किती, शौचाला कधी, कशी.

'कशी' साठी १९९७ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सात प्रकारांचा तक्ता केला. एक म्हणजे शेळीच्या लेंड्या, दोन गाठीगाठींचा लांबट, तीन भेगाळलेला, चार गुळगुळीत केळ्यासारखा, पाच मऊ तुकडे, सहा फाटका गाळ, सात निव्वळ पाणी. तीन-चार असेल तर उत्तम, आणि एक-दोन हे खरं बद्धकोष्ठ. नुसता आकडा टाका, जेवणाच्या टेबलावर वही राहिली तरी कुणाला कळणार नाही.

याच आठवड्यात बऱ्याच जणांचा निम्मा आजार बरा होतो. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी असतं. रोज सकाळी चहाबरोबर झालंच पाहिजे असा नियम शरीरानं कधी लिहून दिलेला नाही. एक दिवसाआड, कुंथावं न लागता, चार नंबरचं होत असेल तर तुम्हाला बद्धकोष्ठ नाहीच.

वहीच्या मागच्या पानावर चालू औषधं लिहून काढा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲल्युमिनियम असलेली ॲसिडिटीची औषधं, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, काही बीपीच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या पोट बांधतात. स्वतःहून बंद करू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, पर्याय असतो. आणि तंबाखू. "चिमूट लावल्याशिवाय होईना" म्हणणारे खोटं बोलत नाहीत, निकोटिन आतड्याला ढकलतं. मिश्रीचंही तेच. पण पोटासाठी तोंडाचा कर्करोग हा सौदा कोणत्या हिशेबात बसतो?

दुसरा आठवडा: वेळ, बैठक, पाणी

पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं, आणि सकाळी ती सगळ्यात जोरात असते. म्हणून आधी काहीतरी खा, नुसता चहा ढोसू नका. पंधरा-वीस मिनिटांनी जाऊन बसा. दहा मिनिटं, मोबाईल बाहेर. नाही झालं तर उठा. रात्रपाळीवाल्यांनी हीच वेळ आपल्या उठण्याला जोडावी, दुपारी तीनला उठत असाल तर साडेतीनला. आणि वेग आला की कामाचा खोळंबा झाला तरी चालेल, पण दाबायचा नाही. बाया हे सर्रास दाबतात. कामाच्या जागी धड संडास नसतो हे त्यामागचं खरं कारण, आणि त्यावर माझ्याकडं गोळी नाही.

उकिडवं बसल्यावर गुदाशयाचा वाकडा मार्ग सरळ होतो. जुळे सोलापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये कमोडच असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, थोडं पुढं झुका. एवढ्यानं फरक पडलेली गिऱ्हाइकं मी पाहिलीत.

पाणी साधारण दोन-अडीच लिटर. मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास घुटमळत असतो तेव्हा आणखी. मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग बघा, फिकट पिवळी हवी. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून पिंप भरून ठेवतो, आणि तिथंच पोटाचा दुसरा घोळ होतो. झाकण नसलेलं पिंप, त्यात बुडवलेला हात. आमांश, टायफॉईड, कावीळ तिथून येतात, आणि माणूस त्याला "पोटात गरमी" म्हणून डिटॉक्स मागतो. पिण्याचं पाणी उकळा, दांडीचा ओगराळा वापरा, पिंप रिकामं झालं की घासा. आणि जुलाब लागले तर बंद करायची घाई नको, आधी जलसंजीवनी: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

तिसरा आणि चौथा आठवडा: ताट

इथं वेळ घालवा, सगळा खेळ ताटाचा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर) लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीत ते १० ग्रॅमच्या आसपास असतात. तेवढ्याच पॉलिशच्या तांदळात किंवा मैद्यात तीनही नाहीत, साबुदाण्यात जवळपास शून्य.

आता आपल्या शहराचा नाश्ता आठवा. इडली, डोसा, पोहे, सुशीला (फोडणीचे चुरमुरे), ब्रेड. दुपारी भात. रात्री "ज्वारी महाग झालीय" म्हणून पुन्हा भात, नाहीतर बाहेरचं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान सांगणारे माझे अर्धे दोस्त महिन्यातून चारदा भाकरी खातात.

हिशेब साधा आहे. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे सहा ग्रॅम तंतू, दोन झाल्या की बारा. वाटीभर वरण किंवा मटकीची उसळ तीन. पालेभाजी तीन-चार. शेंगाचटणी दोन चमचे, दोन. एक मध्यम पेरू आठ. झाले की २८. कुठली पावडर आली यात?

पालेभाजीत अंबाडीला विसरू नका. मराठी घरात अंबाडी, कन्नड घरात पुंडी, तेलुगू घरात गोंगुरा, पण गड्डी एकच. डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून केली तर भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. डाळिंब खा, पण दाणे चावून. रस काढला की तंतू चोथ्याबरोबर कचऱ्यात जातात आणि ग्लासात राहते साखर. जेवणात वाटीभर ताक घ्या. दही-ताकातले जिवंत जंतू आतड्यात कायमची वस्ती करत नाहीत, येतात-जातात, म्हणून रोज थोडं बरं. दूध पचत नाही अशांनाही ताक बहुधा सोसतं. उन्हाळ्यात रात्रभर आंबवलेली ज्वारीची आंबील, हे आपलं खरं पेय.

घाई मात्र नको. भातावरून एकदम तीन भाकऱ्या आणि दोन वाट्या उसळ अशी उडी मारली तर पोट ढोलासारखं फुगेल. पहिले चार दिवस रात्रीचा भात काढून एक भाकरी. मग सकाळी धपाटे किंवा कालची भाकरी ताकात कुस्करून. मग उसळ, तीही भिजवून, पाणी बदलून, मऊ शिजवून. तंतू वाढले आणि पाणी नाही वाढलं तर बद्धकोष्ठ वाढतं, हे लिहून ठेवा. कडक भाकरी तर मुळात कोरडी, ती आमटीत मुरवूनच खावी. आणि हुरड्याच्या दिवसांत शेतावर बसून पोटभर हुरडा झाल्यावर जे होतं त्याला रोग म्हणत नाहीत, दुसऱ्या दिवशी आपोआप ओसरतं.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं एकादशी घराघरात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीला पाहूनच निघाली असावी. उपास जरूर करा, पण रताळं, भगर, पेरू, ताक यांवर. द्वादशीला माझ्याकडं चूर्णाची विक्री वाढते ती साबुदाणा आणि तळलेल्या वेफर्समुळं.

पाचवा-सहावा आठवडा: डबी उतरवणं

चार नंबर वहीत दिसायला लागला की सुरुवात करायची. आधी रात्री एक चहाचा चमचा इसबगोल, मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा ग्लास. कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात फुगतं. गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊच नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर हवं. इसबगोल आतड्याला डिवचत नाही, पाणी धरून मळ मऊ ठेवतं.

पाचव्या आठवड्यात चूर्ण निम्मं. सहाव्यात तेच निम्मं, एक दिवसाआड. मग बंद. दहा-दहा वर्षं घेणाऱ्यांनी प्रत्येक पायरीला दोन-दोन आठवडे द्यावेत. मधे एखाद-दोन दिवस कोरडे जातील, चिडचिड होईल, हात डबीकडं जाईल. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबा. तरीही नाही झालं तर एकदा अर्धा चमचा घ्या आणि दुसऱ्या दिवसापासून वाट पुढं चालू. याला हार समजू नका, मला तीनदा घ्यावा लागला होता. त्यापुढंही अडलं तर डॉक्टरांना लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलबद्दल विचारा. ही औषधं आतड्यात पाणी धरतात, रोजच्या सोनामुखीपेक्षा बरी.

"पण डिटॉक्स एकदा करून बघितलं तर?"

तीन दिवस नुसत्या रसावर राहून दोन किलो कमी झालं म्हणून खूश होणारे भेटतात. यकृतात आणि स्नायूंत चारपाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी. उपाशी राहिलं की दोन्ही जातं, जेवलं की दोन्ही परत. चरबी होती तिथंच.

संभाजी तलावाच्या फेरीनंतर दुधीचा रस पिणाऱ्यांनी एक सवय लावून घ्या: आधी फोडीचा तुकडा चाखा. कडू लागला तर सगळा फेका, मध घालून पिऊ नका. कडू दुधीतल्या विषारी द्रव्यानं रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झालेत, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनं कडू रस पिऊ नये असं स्पष्ट सांगितलंय. पालकाचा ग्लासभर रस रोज पिणंही मुतखड्याला आवतण. आणि गुळवेल: कोरोनाच्या काळात घरोघरी काढा झाला, मग २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला. वाद चालू द्या. यकृताचा किंवा स्वप्रतिकारक्षमतेचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार असेल तर मी तरी घेऊ नका म्हणेन.

मिठाचं कोमट पाणी ग्लासांवर ग्लास पिऊन आसनं करायची, हे यूट्यूब बघून घरी करू नका, बीपी आणि किडनीवाल्यांनी तर कधीच नाही. नळीनं मोठं आतडं धुण्याचा प्रकारही तसाच. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी अशाच एका ठिकाणी नीट निर्जंतुक न केलेल्या यंत्रातून आमांश पसरला. ३६ जण आजारी पडले, सहा दगावले.

पंचकर्माबद्दल हटकून विचारतात. विरेचन (औषधानं जुलाब), बस्ती (गुदमार्गे औषध) ही आयुर्वेदाची रीतसर चिकित्सा आहे, आधी तपासणी, नंतर पथ्य, वैद्य समोर. करायचंच तर शहरात आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे, तिथं जा. लॉजच्या हॉलमधलं 'रविवारी एका दिवसात संपूर्ण शुद्धी' हे पंचकर्म नव्हे. मुलांना पोट साफ करायला एरंडेल पाजायची जुनी रीतही सोडा. त्यांना लागते ती जंताची गोळी, आणि राष्ट्रीय जंतनाशक मोहिमेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना ती शाळा-अंगणवाडीत फुकट मिळते.

सहा आठवड्यांनंतरही नाही जमलं तर

मग रक्ताच्या तीन तपासण्या डॉक्टरांकडून लिहून घ्या: थायरॉईड, साखर, कॅल्शियम. थायरॉईड मंदावलेल्या बायांचं पहिलं गाऱ्हाणं कित्येकदा पोटाचंच असतं. काहींना मळ मऊ असूनही बाहेर पडत नाही, बोट लावावं लागतं, कारण कुंथताना खालचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळतात. हे सांगायला माणसं लाजतात. लाजू नका, त्याला वेगळा व्यायाम असतो आणि पोटतज्ज्ञ तो शिकवायची सोय सांगतात. दवाखान्यात जाताना ती शंभर पानी वही बरोबर न्या, आणि मागचं औषधांचं पान आधी उघडून द्या.